तोंडातली निशाणी

आईचे दात कोर्टात जमा होते आणि आई घरी दुधात पाव कुस्करत बसली होती. लघुवाद न्यायालयाच्या तळमजल्यावर, जमा वस्तू सांभाळणाऱ्या नाझराच्या लोखंडी कपाटात, एक मोडका टेबलपंखा आणि कुणाच्या तरी वादग्रस्त दाराची कडी यांच्या मधोमध, लाखेने मोहोरबंद केलेल्या पाकिटात ते दात होते. पाकिटावर लिहिलं होतं, ‘निशाणी: कवळी, खालची व वरची.’ पुरावा म्हणून कोर्टात जमा झालेल्या वस्तूला तिथे निशाणी म्हणतात. ते दात कुणी चोरून नेले नव्हते. पोटच्या मुलाने रीतसर अर्ज करून ते तिथे ठेवले होते.

मुलगा पाणीपुरवठा कचेरीतून निवृत्त झाला होता. नळ मागणाऱ्यांच्या अर्जांवर शेरे मारण्यात त्याची नोकरी गेली. निवृत्तीनंतर घरात शेरे मारायला अर्ज येईनात, तेव्हा त्याने स्वतःच अर्ज करायला घेतले. सुरुवात एका छत्रीने झाली. नव्या छत्रीची काडी मोडली, दुकानदाराने हात वर केले आणि मुलाने लघुवाद न्यायालय गाठलं. इथे वकील लागत नाही. साध्या माणसाने यावं, आपलं म्हणणं मांडावं आणि मोकळं व्हावं, यासाठी ही सोय. सुनावणीला दुकानदार फिरकलाच नाही, म्हणून निकाल मुलाच्या बाजूने लागला. समोरचा माणूस गैरहजर होता, एवढा तपशील मुलगा पुढे सांगताना नेमका गाळत असे. निकालाची प्रत काच लावून बैठकीच्या खोलीत टांगली गेली, लग्नाच्या फोटोच्या खिळ्यावर. लग्नाचा फोटो स्वयंपाकघरात गेला. छत्री मात्र मोडकीच कोपऱ्यात उभी राहिली. दुरुस्त केली तर पुरावा नष्ट होईल, असं त्याचं म्हणणं. पाऊस आला की तो भिजत घरी यायचा.

मोकळं व्हायला आलेल्या माणसांत हा एकटाच मुक्कामाला आला होता. त्याला मुदतीचा अर्ज माहीत होता, दुरुस्तीचा अर्ज माहीत होता, आधीचा अर्ज आधी ऐकावा म्हणून करायचा अर्जही माहीत होता. एक अर्ज खिडकीवर देऊन तो जिना उतरायचा आणि त्यात राहून गेलेल्या मुद्द्याची पुरवणी घेऊन पुन्हा जिना चढायचा. म्हणून कोर्टातले लोक त्याला ‘पुरवणी’ म्हणत. “पुरवणी आली रे,” असं कुणी म्हणालं की खिडकीवरचा कारकून चहाला उठायचा.

कवळी केली होती कवळीवाल्याने. चष्मेवाला आणि चावीवाला यांच्यामध्ये त्याचं दुकान होतं. काचेत प्लास्टरचे जबडे मांडलेले आणि वर पाटी, ‘दंतशिल्पी’. अर्धं शहर माझ्या दातांनी हसतं, असं तो आल्यागेल्याला ऐकवायचा. आईच्या तोंडात त्याने मेणाचा साचा दाबला, चार खेटे घालायला लावले आणि शेवटी कवळी बसवून दिली. कवळी उत्तम चावायची. काकडी चावायची, पावाची कड चावायची, भाजलेले शेंगदाणेही चावायची. फक्त बोलताना, शब्द संपला की ती वाजायची. टक.

“आई, तोंडात घड्याळ बसवून घेतलंत की काय?” सून पहिल्याच दिवशी म्हणाली.

“बरंय की,” आई म्हणाली. “टक. तुम्हाला वेळ तरी कळेल.”

सूनबाई हसली आणि टीव्हीचा आवाज वाढवून मोकळी झाली. मुलगा हसला नाही. तो सकाळी मोठ्याने पेपर वाचायचा आणि मधे मधे थांबून मत द्यायचा. त्या थांबण्यात आता आईचं टक यायला लागलं. जणू त्याच्या मतावर कुणीतरी दुसऱ्याच कचेरीचा शिक्का मारतंय.

“हा दोष आहे,” एका सकाळी त्याने जाहीर केलं. “वस्तू सदोष आहे.”

“मला काही होत नाही रे.”

“तुला काय होतंय हा मुद्दाच नाही.”

दुपारी त्याने काही कागद आणले. “इथे सही कर. इथे. आणि इथे.” आईला वाटलं, पेन्शनचे असतील. तिने सह्या केल्या.

दावा दाखल झाला. पहिल्याच तारखेला मुलाने अर्ज दिला: कवळी वादीच्या घरी राहिली तर तिच्याशी छेडछाड झाल्याचा आरोप प्रतिवादी करू शकतो, सबब ती कोर्टाच्या ताब्यात घ्यावी. असा आरोप कवळीवाल्याच्या स्वप्नातही नव्हता. तो आपल्या कारागिरीवर भाषण करायला आला होता आणि ते करायला मिळत नाही म्हणून बाकावर फुगून बसला होता. न्यायाधीशबाईंसमोर फायलींची चळत होती, जेवणाची सुट्टी तोंडावर आली होती, आणि ‘नामंजूर’च्या खाली कारणं लिहावी लागतात. त्यांनी ‘मंजूर’ लिहिलं.

संध्याकाळी मुलगा घरी आला. आई शेंगदाणे खात होती.

“आई, दात दे.”

धुवायला मागतोय असं वाटून तिने काढून दिले. त्याने ते रुमालाने पुसले, एका पाकिटात घातले आणि पाकिटाला गोंद लावला.

तेव्हापासून महिने गेले होते. कवळीचं वर्णन ‘खालची’ एवढंच लिहिलं गेलं होतं, म्हणून दुरुस्तीचा अर्ज झाला. आवाज मोजणारा तज्ज्ञ नेमावा म्हणून अर्ज झाला. तज्ज्ञ म्हणून भोंगे दुरुस्त करणारा माणूस मिळाला, तेव्हा त्याला हरकत घेणारा अर्जही मुलानेच केला. कवळीवाला आपल्याकडे रोखून बघतो, सबब त्याला मागच्या बाकावर बसवावं, असाही एक अर्ज होता. प्रत्येक अर्जावर कवळीवाल्याचं म्हणणं मागवलं जाई. कवळीवाला दर वेळी त्याच कागदावर तेच लिहून देई की आपली कला निर्दोष आहे. मग तारीख पडे. मुलगा तारखेच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून निघायचा आणि परतताना असा दमून यायचा की सूनबाईला वाटावं, हा विहीर खणून आला.

आई मात्र पातळ व्हायला लागली. आधी आमटी पातळ झाली, मग भात पातळ झाला, मग ती स्वतः. मुलावर दातओठ खावेत असं तिला रोज वाटायचं. पण त्यालाही दात लागतात.

खाण्याचं तिने एक वेळ सोसलं असतं. सोसवेना ते वेगळंच. तिची धाकटी बहीण दुसऱ्या गावात अंथरुणाला खिळून होती. दुपारी दोघींचा फोन व्हायचा. बोलण्यात काही नसायचं: आज कपडे वाळले का, शेजारीण काय म्हणाली, लहानपणी घरातली कात्री नेमकी कुणी हरवली. हा कात्रीचा वाद दोघींमध्ये सत्तरएक वर्षं चालू होता आणि त्यात एकदाही कुणी अर्ज केला नव्हता. धाकटीला ऐकू कमी यायचं. नवी कवळी बसली तेव्हा तीच एकटी खूश झाली होती. “ताई, तुझा शब्द आता कसा उमटून येतो गं,” ती म्हणाली होती. “कुठे संपला ते टक करून कळतं. आमच्या इथे सगळे एका दमात बोलतात, मला काही कळत नाही.”

दात गेल्यावर आईचं बोलणं नुसती वाफ झालं. तिचं बोलणं इथे नीट लिहिलेलं असलं तरी ऐकणाऱ्याला ते तसं ऐकू येत नसे. घरातल्यांना सवयीने कळायचं. धाकटीला नाही.

“कोण बोलतंय?” धाकटीने पहिल्या दिवशी विचारलं.

“मीच.”

“हो, पण कोण? बाई, जरा ताईला द्या ना.”

“अगं मीच ताई!”

“हां, बोलवा बोलवा. मी थांबते.”

आणि ती खरंच थांबली. आई रिसीव्हर कानाला लावून तिचा श्वास ऐकत राहिली. शेवटी तिने सुनेला बोलावून सांगायला लावलं की आई झोपल्यात. दुसऱ्या दिवशीही तेच झालं, तिसऱ्या दिवशीही. मग फोन येणंच थांबलं. आठवड्याने तिकडच्या सुनेने कळवलं, “मावशी, त्या म्हणतात, ताईकडे हल्ली कुणीतरी दुसरीच बाई फोन उचलते आणि ताईला देत नाही. रुसल्यात. जेवणही कमी केलंय त्यांनी.”

त्या संध्याकाळी आईने विषय काढला. मुलगा जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसला होता.

“बाळ्या, माझे दात आण.”

“आई, ते न्यायप्रविष्ट आहेत.”

“असू देत. आण.”

“असे आणता येत नाहीत. त्यासाठी अर्ज लागतो.”

“मग कर की. जगावेगळे अर्ज करतोस, एक हाही कर.”

मुलाने चष्मा काढला. अडाण्याला समजावण्याची वेळ आली की तो चष्मा काढायचा. “समज, मी दात परत मागितले. प्रतिवादी काय म्हणेल? म्हणेल, दात वापरण्याजोगे आहेत म्हणूनच मागताहेत. संपला आपला दावा.”

“मग दुसरी कवळी करून दे.”

“दुसरी केली तर म्हणेल, यांना पहिलीची गरजच नव्हती. नुकसान कुठे झालं?”

“म्हणजे मी उपाशी राहिले तरच दावा बळकट?”

“तू तसं म्हणू नकोस,” मुलगा म्हणाला आणि त्याने कागद पुढे ओढला. “पण मुद्दा चांगला आहे. वजन घटल्याचं लिहायचं राहिलंच होतं.”

सूनबाई ओट्याशी उभी होती. तिने पातेलं जरा जोरात आपटलं. “अहो, लाज वाटू द्या थोडी. म्हातारीच्या तोंडचा घास कोर्टात नेऊन ठेवलात.”

“तुला आवाजाचा त्रास होत होता. तू साक्षीदार आहेस.”

“मला तुमच्या पेपर वाचण्याचा त्रास होतो. त्याचा करा दावा. देते साक्ष.”

मुलाने चष्मा लावला आणि पुरवणी लिहायला घेतली.

यात पुढे आणखी किती महिने गेले असते, सांगता येत नाही. पण कवळीवाल्याचा धीर सुटला. अर्ध्या शहराला हसवणारा माणूस दर तारखेला दुकान बंद ठेवून बाकावर बसत होता आणि चावीवाला शेजारून विचारत होता, “काय, शिल्पकार, सुटका कधी?” शेवटी त्यानेही आयुष्यातला पहिला अर्ज केला. त्यात एवढंच होतं: आवाज कवळीचा आहे की नाही ते कवळी बाईंच्या तोंडात घालून ऐकावं.

हे महिनोन्‌महिने कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मुलाच्या डोक्यात तर नाहीच. त्याच्या डोक्यात जागा नव्हती. त्याने लगेच हरकत घेतली. न्यायाधीशबाईंनी हरकत वाचली, परत वाचली, आणि आईला हजर राहण्याची नोटीस काढली.

नोटीस घेऊन कोर्टाचा शिपाई दुपारी आला. मुलगा कोर्टातच गेला होता, सूनबाई गच्चीवर. आईने दार उघडलं.

“वादी आहेत का घरात?”

“तो बाहेर गेलाय.”

“तो नाही हो. नाव बाईंचं आहे.” शिपायाने नोटीस पुढे धरली.

आईने कागद लांब धरून वाचला. वर तिचंच नाव होतं, पूर्ण, वडिलांनी ठेवलेलं आणि लग्नात बदललेलं. पुढे लिहिलं होतं, ‘वादी’. मुलाचं नाव खाली, बारीक अक्षरात, ‘वादीतर्फे’.

“म्हणजे हा दावा माझा आहे?”

शिपायाला दोनदा विचारावं लागलं तेव्हा कळलं. “तुमचाच, आजी. ते फक्त तुमच्या वतीने येतात.”

“मी नको म्हटलं तर?”

“ते कोर्टात मॅडमना सांगा. मी फक्त कागद देतो.” शिपाई सही घेऊन जिना उतरला, आणि मग दोन पायऱ्या वर येऊन म्हणाला, “पण सांगाच, आजी. आम्ही सगळे कंटाळलोय.”

सुनावणीच्या दिवशी आई सुनेच्या हाताला धरून कोर्टाचा जिना चढली. खोली लहान होती. वर पंखा, खाली सहा बाकं, भिंतीला टेकून कपाटं. बाकांवर आपापले वाद मांडीवर घेतलेली माणसं बसली होती: एकाच्या मांडीवर चपलांचं खोकं, एकीच्या मांडीवर आटलेला स्वेटर. कवळीवाला मागच्या बाकावर होता. तो आईला बघून उठला आणि त्याने नमस्कार केला. मुलाने त्याची ताबडतोब टिपणी केली.

पुकारा झाला. न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “वादी कोण?”

“मी, मॅडम,” मुलगा म्हणाला. “म्हणजे वादीतर्फे.”

“मी वादी कोण ते विचारतेय.”

आईने हात वर केला. शाळेत करतात तसा.

“मॅडम, माझी लेखी हरकत आहे,” मुलगा म्हणाला. “निशाणी जशी जमा झाली तशीच राहिली पाहिजे. वादीचं तोंड ही पुरावा तपासण्याची जागा नव्हे.”

“मग कवळी कुठे वाजवायची? माझ्या टेबलावर?”

स्वेटरवाली बाई हसली. मुलगा पुरवणी काढायला पिशवीत वाकला, तोवर बाईंनी नाझराला खूण केली होती. नाझराने लाख फोडली, पाकीट फाडलं, आणि आईचे दात सगळ्यांसमोर टेबलावर आले. कोरडे, धुळकट आणि थोडे पिवळे. शिपायाने पेल्यात पाणी आणलं. आईने दात खळबळून धुतले, भिंतीकडे तोंड केलं आणि घातले.

दुखलं. इतक्या महिन्यांत हिरड्या आक्रसल्या होत्या. खालची कवळी जागा शोधत हलत राहिली. पण दातावर दात बसला तशी तिची गालफडं वर आली, आणि सूनबाईला ती एकदम ओळखीची वाटली.

“नाव सांगा, आजी.”

आईने नाव सांगितलं. टक. वय सांगितलं. टक.

“नोंद व्हावी!” मुलगा उठला. “आवाज स्पष्ट आहे. नोंद व्हावी, मॅडम!”

“येणारच!” मागच्या बाकावरून कवळीवाला ओरडला. “महिनोन्‌महिने कपाटात कोंडलीत कवळी! हिरडी बसली खाली! आता सैल होणार नाही तर काय? हे तुमच्या अर्जांनी झालंय, माझ्या हातांनी नाही!”

“प्रतिवादीने सैलपणा कबूल केला. हीही नोंद व्हावी.”

न्यायाधीशबाईंनी टेबलावर पेन आपटलं. “आजी, तुम्ही सांगा. पहिल्यांदा बसवली तेव्हा आवाज येत होता?”

कवळीवाल्याने डोळे मिटले.

“येत होता,” आई म्हणाली. टक. “पहिल्या दिवसापासून.”

मुलाचा चेहरा बैठकीतल्या त्या काच लावलेल्या निकालासारखा चकाकला.

“मग तीच तक्रार आहे ना तुमची?”

“माझी नाही.”

“सही तुमची आहे.”

“सही माझी आहे. तक्रार त्याची आहे.” आईने मुलाकडे बोट केलं. “दात माझे, तोंड माझं, आवाज माझा. ह्याला पेपर वाचताना त्रास होतो, म्हणून मी पाणी पिऊन दिवस काढले. माझी बहीण मला ओळखेना. तिला वाटतं, मी तिला टाकलं. मॅडम, दावा माझा असेल तर मला तो नको. नसेल, तर माझे दात इथे काय करताहेत?”

प्रत्येक वाक्यामागे टक होतं. कारकून लिहून घेत होता. तो म्हणे पुढे सांगायचा की असा सोयीचा साक्षीदार त्याला दुसरा मिळाला नाही, पूर्णविराम स्वतःच देणारा.

“हरकत!” मुलगा म्हणाला. “वादीचं हे निवेदन वादीच्या हिताविरुद्ध आहे. वादीतर्फे माझी त्याला हरकत आहे.”

“वादीची वादीला हरकत?”

“तसा अर्ज देतो, मॅडम.”

“बसा,” न्यायाधीशबाई म्हणाल्या आणि त्यांनी लिहिलं: वादीने दावा मागे घेतला. लिहून झाल्यावर त्यांनी मान ताठ केली. ही फाईल त्यांना पहिल्याच तारखेला मिटवता आली असती, हे त्यांना आठवलं असेल तर तसं चेहऱ्यावर दिसलं नाही.

आई उठली. तेव्हा नाझर नवं पाकीट उघडून पुढे आला. “आजी, निशाणी.”

“काय?”

“दात. जमा करायचे आहेत. परत मिळण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. पुढची तारीख मिळेल.”

आईने त्याच्याकडे पाहिलं, पाकिटाकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. ओठ एकमेकांवर घट्ट दाबले आणि ती पुन्हा बाकावर बसली.

“आजी, असं करू नका,” नाझर काकुळतीला आला. “दात न घेता खाली गेलो तर उद्या माझाच जबाब घेतील.”

आई गप्प. इतके महिने तिचं बोलणं कुणाला कळत नव्हतं. आता तिचं न बोलणं सगळ्या खोलीला कळलं. चपलांच्या खोक्याचा मालक म्हणाला, “काढा, बघू कोण काढतंय ते.” नाझराने न्यायाधीशबाईंकडे पाहिलं, त्यांनी पंख्याकडे.

“अर्ज करा,” त्या शेवटी म्हणाल्या. “आत्ता. मी आत्ता मंजूर करते. कोण लिहितंय?”

“मी लिहितो,” कवळीवाला धावला.

“वादीचा अर्ज प्रतिवादीने लिहायचा नाही.”

सूनबाईने हात झटकले. “कागद-पेन एकाच माणसाकडे असतं आमच्यात.”

सगळ्यांनी पुरवणीकडे पाहिलं. त्याच्या पिशवीत कोरे कागद होते, कार्बन होता, टाचण्या होत्या, दोन रंगांची शाई होती. तो खिडकीबाहेर बघत होता.

आईने तोंड उघडलं. “बाळ्या, लिही.” टक.

त्याने कागद घेतला. लिहिता लिहिता पुटपुटू लागला, “उपरोक्त क्रमांकाच्या दाव्यातील निशाणी, ज्यास यापुढे सदर वस्तू असे संबोधले जाईल...”

“काय लिहितोयस?”

“मायना.”

“खोड. लिही, मला माझे दात परत हवेत.”

“आई, असं लिहीत नाहीत.”

“दात लिही.”

त्याने लिहिलं. मान खाली होती, पण खालच्या कोपऱ्यात पेन अजून हलत होतं.

“आता काय खरडतोयस?”

“हक्क राखून... एक छोटी पुरवणी...”

“खोड.”

त्याने खोडलं. तिने सही केली, या वेळी वाचून. कारकुनाने अर्ज टेबलावर ठेवताना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “पुरवणी नसलेला पहिलाच हो यांचा.” बाईंनी ‘मंजूर’ लिहिलं. नाझराने रिकामं पाकीट घडी घालून खिशात ठेवलं.

बाहेरच्या जिन्यावर कवळीवाला वाट बघत होता. दावा सुटला तसा त्याचा रुबाब परत आला होता. “आजी, उद्या दुकानावर या. आतून अस्तर घालून घट्ट बसवतो. अगदी बिनआवाजी करून देतो, अर्धं शहर—”

“घट्ट कर,” आई म्हणाली. “आवाज राहू दे.”

“अहो, पण तोच तर दोष!”

“तुला माझ्या तोंडातलं काय कळतं?” टक. आणि ती जिना उतरली.

घरी आल्यावर तिने सुनेला शेंगदाणे भाजायला सांगितले आणि फोन लावला. हिरडी ठणकत होती. तिकडे बराच वेळ घंटा वाजली. मग रिसीव्हर उचलला गेला, खाटेच्या कडेला आपटला आणि धाकटीचा बारीक, रुसका आवाज आला.

“कोण?”

“मी.” टक.

आईने रिसीव्हर कानावर आणखी दाबला.

“ताई?” धाकटी म्हणाली. “अगं, होतीस कुठे? कोण ती बाई बसवून ठेवली होतीस फोनवर? एक शब्द कळेल तर शपथ.”

“गेली ती. काढून टाकली.”

“बरं केलंस. आणि हे बघ, कात्री तूच हरवलीस. मला आठवलं सगळं.”

“मी नाही.” टक. “तू. विहिरीवर नेली होतीस.” टक. टक.

मुलगा बैठकीतून आला. त्याच्या हातात टाइप केल्यासारख्या सुवाच्य अक्षरात लिहिलेला ताजा कागद होता: दावा मागे घेतल्याचा फेरविचार व्हावा, म्हणून अर्ज. खाली सहीची जागा रिकामी ठेवून फुली मारलेली होती. त्याने कागद हळूच आईसमोर सरकवला आणि पेन त्यावर ठेवलं.

आईने पेन उचलून बाजूला ठेवलं. सूनबाईने आणलेली गरम शेंगदाण्यांची वाटी जवळ ओढली आणि फोन खांद्यात धरून, धाकटीशी भांडत भांडत, एकेका दाण्याची सालं ती त्या कागदावर काढायला लागली.